बांधून घेतलेल्या जेट स्कीसारख्या बोटीचा विमा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मांडवीकाठच्या एका फायबरवाल्याकडून तुम्ही बारा फुटांची, दोघांनी पुढेमागे बसून चालवायची बोट बांधून घेतली. आत जुन्या जेट स्कीचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि पंप बसवलाय. विमा एजंटने फॉर्म काढला, ‘मेक’ आणि ‘मॉडेल’ या दोन रकान्यांपाशी अडकला आणि ‘याचा विमा होत नाही’ म्हणून मोकळा झाला. तुम्ही विचारता: खरंच होत नाही का? होत असेल तर किंमत कोण ठरवणार? आणि नुसता थर्ड पार्टी घेतला तर भागेल का? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की बोट मेहुणाही चालवतो आणि सीझनमध्ये कळंगुटच्या एका मित्राला अधूनमधून द्यायचा विचार आहे. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण माझ्या लेखी तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य तेच आहे.

विमा होतो. एजंटने मोटारीच्या सवयीने विचार केला, इतकंच. मोटारीत मेक, मॉडेल, साल टाकलं की कॉम्प्युटर किंमत आणि प्रीमियम दोन्ही काढून देतो. पाण्यावरच्या धंद्यात असं कधीच नव्हतं. मांडवी-जुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जेस घ्या नाहीतर ट्रॉलर घ्या, त्यातलं काहीच शोरूममधून आलेलं नाही. कुणीतरी ऑर्डर देऊन बांधून घेतलेलं आहे, आणि त्यांचे विमे वर्षानुवर्षं उतरवले जातात. नौदलाची छप्पन्न फुटी ‘म्हादई’ गोव्यातच ॲक्वेरियसच्या यार्डात बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात आली. दिलीप दोंदे आणि त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी तिच्यातूनच एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ती बोटही ऑर्डर देऊन बांधलेलीच होती, पण तिच्यामागे डच डिझायनरची ड्रॉइंग्ज होती. काय बांधलंय ते तिऱ्हाईत माणसाला कागदावर पाहता येत होतं. तुमच्या बोटीमागे फायबरवाल्याच्या हातचं बिल आणि मोबाइलमधले चार फोटो आहेत. अडचण तिथे आहे.

अंडररायटरच्या, म्हणजे विमा कंपनीत जोखीम तोलून दर ठरवणाऱ्या माणसाच्या, खुर्चीत बसून पाहा. मरीन हलचे (हल म्हणजे बोटीचं धड) ठरलेले दर २००५ मध्ये रद्द झाले. तेव्हापासून दर आणि अटी तो समोरचं प्रकरण पाहून ठरवतो. कारखान्यातून आलेल्या जेट स्कीची हजारो भावंडं पाण्यात आहेत. ती कशी बुडतात, कशी पेटतात, दुरुस्तीला किती लागतात, हे त्याला माहीत असतं. तुमच्या बोटीला भावंडच नाही. अशात गोव्याच्या शाखेतून त्याला एका ओळीचा मेल गेला, ‘लोकल मेड स्पीडबोट, कोट पाठवा’, तर तो नाहीच म्हणणार. मीही तेच म्हटलं असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ही वस्तू नक्की काय आहे ते सांगणं, आणि ते खरं सांगणं. युरोपच्या २०१३ च्या नियमात वैयक्तिक जलयानाची व्याख्या आहे: हलची लांबी चार मीटरच्या आत, मुख्य ढकल वॉटर जेट पंपाची, आणि चालवणारा हलच्या आत न बसता वर बसतो, उभा राहतो किंवा गुडघे टेकतो. अशा यानांच्या बांधणीसाठी आयएसओ १३५९० हे वेगळं मानक आहे. तुमची बोट बारा फुटांची, म्हणजे ३.६६ मीटर, पंप जेटचा, बसणं घोड्यावर बसल्यासारखं. ही जेट स्कीच्याच जातीची झाली. याच इंजिनावर कुणी खुर्च्या आणि कठडे असलेली छोटी बोट बांधली, तर ती जेट बोट, आणि तिचा विचार निराळा होतो. हा फरक महत्त्वाचा, कारण प्लेजर क्राफ्टच्या, म्हणजे हौसेच्या बोटींच्या, काही पॉलिसींत जेट स्कीसारखी यानं नाव घेऊन वगळलेली असतात. ‘स्पीडबोट’ लिहून आत सरकवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका.

त्याहून वाईट सल्ला म्हणजे इंजिन ज्या जेट स्कीतून काढलं तिचंच नाव-साल फॉर्मवर लिहिणं. फॉर्म पटकन पास होतो, प्रीमियमही बेताचा येतो. शापोरा बाजूचं एक प्रकरण मला जवळून माहीत आहे. कागदावर नामांकित कंपनीची जेट स्की, पाण्यात स्थानिक फायबरचा हल. पेट्रोलच्या वाफेने पेट घेतला. क्लेम आल्यावर सर्व्हेअरने जळक्या हलवर कंपनीचा हल नंबर शोधला. तो सापडणारच नव्हता. कंपनीने क्लेम नाकारला आणि कायद्याने तिला तसं करता येत होतं. १९६३ च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टचं १९ वं कलम दोन्ही बाजूंकडून पराकोटीचा खरेपणा मागतं, आणि २० वं कलम सांगतं की अंडररायटरच्या निर्णयावर परिणाम होईल अशी प्रत्येक गोष्ट मालकाने स्वतःहून उघड करायची. तो विचारेल तेवढंच सांगू, हे इथे चालत नाही.

म्हणून मेकच्या रकान्यात बांधणाऱ्याचं नाव, मॉडेलच्या जागी ‘एकमेव बांधणी’, साल म्हणजे बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली ते, आणि इंजिन वेगळ्या ओळीत: कुठल्या कंपनीचं, किती सालचं, नंबर काय, किती तास चाललेलं. इंजिनाचा माग कागदावर पाहिजे. आयात जेट स्कीतून काढलेलं असेल तर मूळ आयातीची बिल ऑफ एंट्री किंवा निदान विकणाऱ्याचं पक्कं बिल. कस्टमचा कागद नसलेली बरीच इंजिनं आपल्या किनाऱ्यावर फिरतात. तसलं इंजिन विम्याला घातलंत तर क्लेमच्या दिवशी ती गोष्ट वर येतेच.

आता पाहणी. विमा मिळणं-न मिळणं निम्म्याहून जास्त इथे ठरतं. मरीन हलचा परवाना असलेला सर्व्हेअर गाठा आणि ‘कंडिशन अँड व्हॅल्युएशन’ सर्व्हे मागा. बोट पाण्याबाहेर, ट्रेलरवर, इंजिनाचं झाकण उघडं. मी अशी बोट पाहतो तेव्हा आधी फायबरवाल्याला बाजूला घेतो. काचतंतूच्या मॅटचे थर किती, विणलेल्या रोव्हिंगचे किती, रेझिन पॉलिएस्टर की व्हिनिलएस्टर, पंपाच्या बोगद्यापाशी जाडी किती, हे त्याला आठवतं का? आठवत असेल तर ते लिहून त्याची सही घेतो. मग हातोडी. रबरी तोंडाच्या हातोडीने हलभर टकटक करत गेलं की थर सुटलेल्या जागी आवाज बसका येतो. पंप जिथे हलला बोल्ट केलाय ती जागा मी सगळ्यात जास्त वेळ पाहतो. कारखान्याच्या जेट स्कीत पंपाचा सगळा जोर वाटून घेणारी बैठक मोल्डमध्येच, म्हणजे साच्यातच, असते, हातबांधणीत ती मागाहून बसवलेली असते. इंजिन आणि पंप एका रेषेत नसतील तर शाफ्टचं सील जातं, आणि सील गेलं की बोट आतून भरते.

नंतर पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि जेट स्कीच्या जातीचा हल म्हणजे जवळजवळ बंद डबा. मूळ यानात हवा खेळवायच्या नळ्या विचार करून ठेवलेल्या असतात. इंजिन दुसऱ्या हलमध्ये गेलं की नेमक्या त्या मागे राहतात. टाकी पट्ट्याने बांधली आहे की नुसती टेकवली आहे, पेट्रोलचा पाइप आग सहन करणारा, आयएसओ ७८४० चा आहे की बागेचा, बॅटरीचा डबा झाकलेला आहे का, मनगटाला अडकवायची किल-स्विचची दोरी ओढल्यावर इंजिन खरंच बंद होतं का, हे सगळं रिपोर्टात फोटोसकट यायला हवं.

कूलिंगचंही पाहून घ्या. यामाहा आणि कावासाकी बाहेरचंच पाणी पंपातून घेऊन इंजिन थंड करतात. सी-डूच्या इंजिनात कूलिंग बंद असतं: आतलं कूलंट तळाच्या राइड प्लेटमधून फिरून थंड होतं. म्हणजे सी-डूचं इंजिन काढलं आणि राइड प्लेट मागे ठेवली, तर नव्या हलमध्ये ते तापून बसणार. तापून बसलेलं इंजिन हा बिघाड, तो विम्यात येत नाही. पण ज्याने हा मुद्दा सोडवल्याचं कागदावर दाखवलं, त्याच्या बाकीच्या बांधणीवर अंडररायटरचा विश्वास बसतो.

शेवटी तरंगण्याची चाचणी. ब्रिटोना-रायबंदरच्या शांत पाण्यात दोन माणसांच्या वजनाच्या रेतीच्या गोण्या ठेवून बोट किती कलते ते पाहायचं, मग ती मुद्दाम पाण्याने भरून तरंगत राहते का ते पाहायचं. आत फोम भरलेला असेल तर राहील. याचा मोबाइलवर व्हिडिओ करा. मोठाल्या गणितांपेक्षा या दोन मिनिटांच्या व्हिडिओने जास्त अंडररायटर बधलेले मी पाहिलेत. पैशाची तयारी असेल आणि पुढे बोट विकायचा विचार असेल, तर इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या, जहाजांची बांधणी तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेकडून ड्रॉइंग तपासून घेता येतं. बारा फुटांच्या बोटीला ते मला जास्तीचं वाटतं.

एक सूचना तुमच्यासाठी उशिराची, पण जे आता बांधायला घेणार आहेत त्यांच्यासाठी: फोटो डेक बंद होण्याआधी काढा. थर, फोम, टाकीची बैठक, बोल्टमागच्या प्लेटी एकदा झाकल्या गेल्या की ड्रिल मारल्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. रेझिनचे डबे संपले की फेकण्याआधी बॅच नंबरचा फोटो घ्या. बोट कारखान्यात असतानाच तिचा विमा हवा असेल तर तो वेगळा असतो, बिल्डर्स रिस्कचा. फायबरच्या शेडमध्ये रेझिन, ॲसिटोन आणि वेल्डिंग एकाच छपराखाली असतं, तेव्हा आगाऊ रक्कम मोठी दिली असेल तर शेडला लागलेली आग ही तुमचीही काळजी आहे.

किंमतीकडे येऊ. बोटीच्या पॉलिसीत ‘ठरलेल्या किमतीची पॉलिसी’ मागायची, म्हणजे मरीन इन्शुरन्स ॲक्टच्या २९ व्या कलमातली. फसवणूक नसेल तर पॉलिसीवर लिहिलेली किंमत नंतर उकरून काढता येत नाही; बोट पूर्ण गेली तर तेवढी रक्कम. ती किंमत काढताना लोक दोन टोकांना जातात. एक जण सगळी बिलं बेरीज करतो, फसलेल्या पहिल्या मोल्डचं, बदललेल्या इंजिनाचं, सहा महिन्यांच्या शेडच्या भाड्याचं. ती तुमच्या हौसेची किंमत, बोटीची नव्हे. दुसरा प्रीमियम वाचवायला निम्मी किंमत लिहितो आणि अर्ध्या विम्यावर बसतो. सर्व्हेअरने काढायची ती किंमत म्हणजे आज तशीच बोट त्याच दर्जाने परत उभी करायला काय लागेल, त्यातून इंजिनाच्या वयाची घट वजा. इथे मोल्डचा मुद्दा येतो. फायबरवाल्याने मोल्ड जपून ठेवलाय का, की एकदाच वापरून तोडला? मोल्ड असेल तर हलचा तुटलेला भाग त्यातून ओढून जोडता येतो. नसेल तर छोटा अपघातही मोठी दुरुस्ती होऊन बसतो. मोल्ड शाबूत असल्याचं बांधणाऱ्याचं पत्र प्रस्तावाला जोडा. तुम्ही स्वतः घाम गाळला असेल तर त्या मजुरीचा रास्त आकडा सर्व्हेअर धरू शकतो, मात्र त्याला तो बाजारभावाने पटवून द्यावा लागतो.

आता पॉलिसीच्या आतल्या अटी. भारतातल्या बहुतेक प्लेजर क्राफ्ट पॉलिसींचा सांगाडा लंडनच्या १९८५ च्या इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस या छापील अटींवर उभा आहे. त्यातलं १९ वं कलम स्पीडबोटचं, आणि ते १७ नॉटच्या वर डिझाइन वेग असलेल्या बोटींना लागू होतं. १७ नॉट म्हणजे ताशी साधारण एकतीस किलोमीटर. तुमची बोट तो आकडा हसत ओलांडते. या कलमातल्या अटी गोव्यात राहणाऱ्या माणसाने तोंडपाठ करायला हव्यात. बोट चालू असताना तुम्ही स्वतः किंवा दुसरा कुशल माणूस तीवर असून ताबा त्याच्या हाती हवा. उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून बोट एकटी सोडली आणि ती बुडाली, भरली, वाहून गेली किंवा वाळूवर चढली, तर क्लेम नाही. मोरजी, वागातोर, कळंगुट, बाणावलीला ‘जरा शॅकवर जाऊन येतो’ म्हणत नांगरलेल्या बोटी तुम्ही रोज पाहता. त्या घटकेला त्यांना विमा नसतो. शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान नाही. इंजिन आत असलेल्या बोटीला आगीचा क्लेम हवा असेल तर इंजिनाच्या जागेत आपोआप चालणारी किंवा चालवणाऱ्याच्या जागेवरून चालवता येणारी आग विझवायची यंत्रणा बसवलेली आणि चालू स्थितीत हवी. सीटखाली ठेवलेला लाल सिलिंडर ही अट पुरी करत नाही.

बांधून घेतलेल्या बोटीला सर्वात लागणारी ओळ मात्र वगळलेल्या गोष्टींत असते: डिझाइन किंवा बांधणीतली चूक दुरुस्त करायचा खर्च विमा देत नाही. हलमधला लपलेला दोष उघडा पडून बोट बुडाली, तर बुडण्याचं नुकसान मिळू शकतं, पण तो सदोष भाग नव्याने करायचा खर्च तुमचा. झीज आणि गंज तर कायद्याच्या ५५ व्या कलमानेच बाहेर आहेत. म्हणून फायबरवाल्याबरोबरचा करार फाटू देऊ नका. ‘बोट ताब्यात घेतल्यावर माझी जबाबदारी नाही’ अशी ओळ त्यात असेल तर सही करण्याआधी काढून टाका. कंपनी क्लेम दिल्यावर तुमच्या जागी उभी राहून बांधणाऱ्याकडून वसूल करू शकते; तो हक्क तुम्ही आधीच लिहून सोडलेला असेल तर ती तुमच्याच क्लेममध्ये खोट काढेल.

बोट समुद्रात जाण्यालायक असण्याबद्दल कायद्याचं ४१ वं कलम आहे. वर्षाच्या पॉलिसीत कंपनी तशी हमी गृहीत धरत नाही, पण बोट नालायक अवस्थेत आहे हे तुम्हाला माहीत असून तुम्ही ती पाण्यात घातली आणि त्यातूनच नुकसान झालं, तर ती हात वर करते. शाफ्टच्या सीलमधून पाणी येतंय हे मेहुण्याला व्हॉट्सॲपवर लिहून, म्हणजे माहीत असल्याचा पुरावा स्वतःच ठेवणारे लोक मी पाहिलेत.

चाचण्यांचा विमा वेगळा विचारून घ्या. नवीन इंजिन बसवून पहिल्यांदा पळवणं ही बोटीच्या आयुष्यातली सगळ्यात जोखमीची वेळ. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नौदलाची स्पीडबोट इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्या दिवसानंतर चाचणीबद्दल अंडररायटर जास्त प्रश्न विचारणार हे उघड आहे. जेट पंपाच्या यानाला एक खोड जन्मजात आहे: वळण पंपाच्या झोतावर चालतं, थ्रॉटल सोडला की वळणही जातं. घाबरलेला माणूस नेमका थ्रॉटल सोडतो आणि सरळ समोरच्या फेरीबोटीत जातो. चाचणी कुठे, कोण, कुठल्या वेळी करणार हे प्रस्तावात लिहा. पणजी-बेती फेरीच्या वाटेत नाही आणि कॅसिनोंच्या जहाजांमध्येही नाही, एवढं तरी.

तुमचा तिसरा प्रश्न, नुसता थर्ड पार्टी. माझं मत स्पष्ट आहे: पैसे दोन्हींना पुरत नसतील तर आधी तोच घ्या. हल गेला तर तुमची हौस गेली. तुमच्या बोटीने पोहणाऱ्या माणसाचा पाय गेला तर घर विकायची पाळी येते. शिवाय नदीत यांत्रिक बोट चालवायची तर ही निवडीची गोष्टच उरलेली नाही. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टने अंतर्गत जलमार्गांतल्या यांत्रिक बोटींना नोंदणी आणि मृत्यू, इजा, प्रदूषण यांच्या जबाबदारीचा विमा बंधनकारक केला. नोंदणी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे बंदर खात्याकडे. नोंदणी आधी की विमा आधी, या चक्रात लोक अडकतात. व्यवहारात सर्व्हे रिपोर्ट आणि बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन दोन्हींकडे एकाच आठवड्यात अर्ज करा. कंपनीकडून ‘नोंदणी क्रमांक मिळाल्यावर कळवणे’ अशा अटीवर कव्हर मागता येतं. पैसे भरल्याची पावती हातात येईपर्यंत मात्र बोट पाण्यात नको, कारण १९३८ च्या इन्शुरन्स ॲक्टच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही.

जबाबदारीच्या भागात बुडालेली बोट काढण्याचा खर्च आहे का, ते बोट ठेवून वाचा. गोंयकारांना हे समजवायला लागू नये. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्यावर चढली आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच सडत राहिली. तुमची बोट काही जहाज नव्हे, पण फेरीच्या वाटेत बुडाली तर ती काढायची नोटीस तुम्हालाच येणार, आणि क्रेन-डायव्हरचं बिल बोटीच्या किमतीला भिडू शकतं.

पाण्याची हद्दही पॉलिसीत नीट लिहून घ्या. ‘मांडवी नदी’ एवढंच असेल तर आग्वादच्या बारच्या, म्हणजे नदीच्या तोंडावरच्या वाळूच्या उथळ पट्ट्याच्या, बाहेर पडलात की विमा संपला. आणि हा बार काय चीज आहे ते पावसाळ्यात कळतं. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ हे कॅसिनोचं जहाज आत येताना मिरामारला वाळूत रुतलं होतं. कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरायचा बेत असेल तर तोही हद्दीत घाला. जून ते सप्टेंबर बोट बाहेर काढून ठेवणार असाल तर ‘लेड-अप’ लिहा, प्रीमियम थोडा खाली येतो. पण त्या चार महिन्यांत एक दिवसही ती पाण्यात उतरवायची नाही. ट्रेलरवरून रस्त्याने नेताना बोटीचं नुकसान हवं असेल तर तेवढं वाढवून घ्या, आणि ट्रेलरने कुणाला उडवलं तर ती जबाबदारी ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीची, बोटीच्या नव्हे. मागे ट्यूब बांधून भाच्याला फिरवणार असाल तर ओढल्या जाणाऱ्या माणसाची इजा मूळ अटींत वगळलेली असते, ती वेगळी मागावी लागते.

आता मेहुणा आणि कळंगुटचा मित्र. मेहुण्याचं नाव चालकांच्या यादीत घाला, त्याला करंझाळेच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं पॉवरबोटचं प्रशिक्षण घ्यायला लावा आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा. घरचा माणूस असूनही प्रशिक्षित म्हणून अंडररायटरला तो आवडतो. मित्राचं प्रकरण वेगळं. तुमची पॉलिसी ‘खासगी हौसेसाठी’ असणार. त्याने तीवर एका पर्यटकाला पैसे घेऊन बसवलं, की ती अट मोडली. पैसे तुम्ही घेतले की त्याने, याने फरक पडत नाही. भाड्याऐवजी पेट्रोल भरून दिलं तरी पडत नाही. अपघात झाला तर पोलिस पर्यटकाचा जबाब आधी घेतात आणि त्यात ‘हजार रुपये दिले’ हे पहिल्याच ओळीत येतं. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण गेल्यानंतर किनाऱ्यावरच्या बोटींच्या कागदांकडे किती बारकाईने पाहिलं जाणार, याचा अंदाज तुम्हीच करा. धंद्यासाठी द्यायची असेल तर व्यावसायिक पॉलिसी, पर्यटन खात्याची नोंदणी, प्रवाशांचा विमा, सगळं वेगळं घ्या. आणि एकमेव बांधणीच्या बोटीला व्यावसायिक कव्हर मिळवणं मला आजही कठीण वाटतं. मित्राला नाही म्हणा.

वेळ सांगतो. पावसाळ्यात बोट बाहेरच असते, सर्व्हेअर मोकळे असतात, फायबरवाला शेडमध्ये सापडतो. जुलै-ऑगस्टमध्ये सर्व्हे करून घ्या, सर्व्हेअरने काढलेल्या खोटी तेव्हाच दुरुस्त करा आणि दुरुस्ती झाल्याची त्याची दुसरी सही घ्या. सूचना लिहिलेला पण न पाळलेला रिपोर्ट हा कोऱ्या फॉर्मपेक्षा घातक. मग एजंटला बाजूला ठेवून मरीन काम करणारा ब्रोकर धरा आणि त्याच्याकरवी एकच फाइल तीन-चार कंपन्यांच्या मुंबईच्या मरीन विभागात एकाच वेळी पाठवा. एका ठिकाणी नकार मिळाला तर पुढच्या फॉर्मवर ‘आधी नाकारलं होतं का’ या प्रश्नाला हो लिहा, सोबत कारण लिहा. ‘मॉडेल नाही म्हणून’ हे कारण वाचून जाणता अंडररायटर हसतो आणि पुढे जातो. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, जरा मोठा घ्यायची तयारी दाखवा. ओरखड्यांसाठी क्लेम करणार नाही हे त्यातून कळतं आणि दर खाली येतो.

क्लेमची वेळ आली तर त्याच दिवशी लेखी कळवा, बोट आणखी बुडू नये म्हणून जे करता येईल ते करा आणि त्याची बिलं ठेवा. तो रास्त खर्च कंपनीकडून मिळतो. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत फायबरवाल्याला हात लावू देऊ नका. मदतीच्या भरात तो तुटलेला भाग घासून साफ करतो आणि अपघात कसा झाला याचा पुरावा धुळीत जातो. क्लेम नाकारला गेला आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. गोवा मुंबईच्या लोकपालाकडे येतो, पन्नास लाखांपर्यंतची तक्रार तिथे फुकट चालते, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

तुमच्याकडे आज काय कमी आहे ते पाहता मी या क्रमाने जाईन: फायबरवाल्याकडून सहीचं बांधणी प्रमाणपत्र आणि मोल्डचं पत्र, इंजिनाचं बिल, आग विझवायची आपोआप चालणारी यंत्रणा, मग सर्व्हेअरला फोन. प्रमाणपत्र या आठवड्यात घ्या. पुढच्या बोटीची ऑर्डर हातात आली की फायबरवाला तुमच्यासाठी कागद शोधत बसणार नाही.